पुसलेली धावपट्टी पुन्हा आखताना

३० मार्च २००३ ची रात्र. अमेरिकेतील शिकागो शहराच्या काठाशी, मिशिगन सरोवरात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर मध्यरात्रीच्या सुमारास बुलडोझर येऊन दाखल झाले. तेथे मेग्ज नावाचा एक लहानसा विमानतळ होता. त्याची धावपट्टी एकुलती एक, लांबीला सुमारे ३९०० फूट. त्या धावपट्टीवर बुलडोझरांनी एकामागून एक सहा प्रचंड फुल्या खोदल्या. सकाळी शहर जागे झाले तेव्हा विमानतळ संपला होता. सोळा विमाने जागच्या जागी अडकून पडली होती. पुढे धावपट्टीशेजारच्या वाटेवरूनच उड्डाण करून ती आपापल्या गावी गेली.

शहराचे महापौर रिचर्ड डेली यांनी या कृतीसाठी सुरक्षिततेचे कारण पुढे केले. त्या जागी उद्यान व्हावे, ही त्यांची इच्छा मात्र जुनीच होती. पूर्वसूचना न देता विमानतळ बंद केल्याबद्दल २००६ साली शहराने ३३,००० डॉलरचा दंड भरण्याचे आणि विमानतळ-विकासाच्या निधीपैकी १० लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. उद्यान झाले, विमानतळ परत आला नाही.

वाचकहो, परक्या देशातील एका लहान विमानतळाची ही हकीकत आपल्यापुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे आपण विचाराल. प्रयोजन असे की, या बातमीने ज्यांना हळहळ वाटली, त्यांपैकी असंख्य लोकांनी शिकागो शहर कधी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तरीही मेग्जची धावपट्टी त्यांना आपल्या घराच्या अंगणाइतकी परिचयाची होती. कारण त्यांनी आपले पहिले उड्डाण तेथूनच केले होते. अर्थात संगणकाच्या पडद्यावर.

बैठ्या जागी उड्डाण

जमिनीवर बसून उड्डाण शिकविण्याची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाचे वडील ऑर्गन तयार करीत. ऑर्गनचे भाते हवेने फुगतात आणि आक्रसतात, हे लहानपणापासून पाहिलेल्या लिंकने १९२९ साली त्याच भात्यांवर एक लुटुपुटीचे विमान बसविले. शिकाऊ वैमानिक आत बसून दांडा हलवी आणि ते विमान भात्यांच्या जोरावर झुके, वळे, डुले. आरंभी लोकांनी त्याला जत्रेतील खेळणे मानले. १९३४ साली अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपालवाहतुकीची जबाबदारी आली, खराब हवेत अपघात होऊन माणसे दगावली, आणि मग सैन्याने ही यंत्रे विकत घेतली.

परंतु लिंकच्या पेटीतून बाहेरचे काही दिसत नसे. पुढच्या पिढीतील यंत्रांत ही उणीव एका मोठ्या गमतीदार उपायाने भरून काढण्यात आली. एका दालनात शेते, रस्ते, घरे, झाडे आणि धावपट्टी यांची लहान प्रतिकृती मांडीत. तिच्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा सरकत जाई आणि त्याचे चित्र वैमानिकासमोर उमटे. दिवाळीत आपली मुले किल्ल्यावर जशी मातीची घरे आणि मावळे मांडतात, तसेच कारागीर त्या फळ्यांवर गाव वसवीत.

१९८२ साली मायक्रोसॉफ्टने ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर घरगुती संगणकासाठी बाजारात आणला, तेव्हा ती प्रतिकृती दालनातून निघून संगणकाच्या स्मृतीत गेली. त्या सिम्युलेटरमध्ये विमान प्रथम उभे असे ते मेग्जच्या धावपट्टीवर. समोर सरोवर, बाजूस शिकागोच्या उंच इमारती. वर्षानुवर्षे हीच प्रथा राहिली. २००६ च्या आवृत्तीतून मात्र मेग्ज वगळण्यात आले. खऱ्या जगात नसलेला विमानतळ नकाशात ठेवावा कशासाठी, असा साधा हिशेब असावा. तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी तो स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधावयास घेतला. आज असा नाहीसा झालेला विमानतळ पडद्यावर कसा उभा करतात, हे आपण क्रमाने पाहू. उदाहरणासाठी एक्स-प्लेन हा सिम्युलेटर घेऊ. कारण त्याची रचना उघडी आहे, आणि जुळणीसाठी लागणारे वर्ल्डएडिटर हे साधन त्याचे निर्माते विनामूल्य देतात.

आधी वस्तू, मग तिचा पत्ता

समजा, आपल्या घरातील मुलाने वा मुलीने मेग्जचा नियंत्रण-मनोरा उभारण्याचे मनावर घेतले आहे. पहिले काम मनोऱ्याचा आकार घडविण्याचे. ब्लेंडरसारख्या विनामूल्य साधनात हा आकार त्रिकोणांच्या जुळणीने तयार होतो. एक्स-प्लेन अशा आकाराला ऑब्जेक्ट म्हणतो. त्याची फाइल साधी अक्षरांची असून वाचता येते. तिच्या आरंभी पृष्ठभागाच्या चित्राचे नाव असते, त्यानंतर एकेका बिंदूची मापे ओळीने दिलेली असतात.

येथे नवशिक्याची पहिली चूक ठरलेली. ही मापे मीटरमध्ये धरली जातात. जुने आराखडे फुटांत असतात. शंभर फुटांचा मनोरा काढताना आकडा जर तसाच शंभर लिहिला, तर तो शंभर मीटरचा, म्हणजे सव्वातीनपटींहून थोडा अधिक उंच होऊन बसतो. शेजारचे विमान मग खेळण्यातले वाटू लागते. मोजपट्टी कोणती हे आधी विचारावे, हा सुताराचा नियम येथेही लागू आहे.

दुसरी चूक शून्यबिंदूची. आकाराचा शून्यबिंदू त्याच्या तळाशी, मधोमध असावा. तो चुकून मनोऱ्याच्या कमरेशी राहिला, तर अर्धा मनोरा जमिनीत गाडला जातो. तळाच्या खाली राहिला, तर मनोरा अधांतरी तरंगतो. शिवाय जमीन सर्वत्र सपाट नसते. म्हणून जाणते कारागीर इमारतीच्या भिंती जमिनीखालीही थोड्या उतरवून ठेवतात. आपण घराला जोते घालतो त्यातलाच हा प्रकार. उतारावर एक कोपरा उचलला गेला तरी खालून उजेड दिसत नाही.

आकाराला मग वस्त्र चढवावयाचे. विटा, काचा, दारे यांचे चित्र एका चौकोनात बसवितात; त्याच्या बाजू १०२४ किंवा २०४८ अशा, म्हणजे दोनाची पट करीत येणाऱ्या संख्यांच्या ठेवतात. रात्रीसाठी दुसरे चित्र निराळे असते. त्यात फक्त खिडक्यांतील दिवे उजळलेले असतात आणि अंधार पडताच ते आपोआप प्रकट होतात.

आता मनोऱ्याचा पत्ता. पृथ्वीवरील कोणत्याही जागेचा पत्ता अक्षांश आणि रेखांश यांनी सांगता येतो. मेग्जचा अक्षांश सुमारे ४१.८६ उत्तर, रेखांश सुमारे ८७.६१ पश्चिम. परंतु इतक्या ढोबळ पत्त्यावर इमारत उभी करता येत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर. तेव्हा दशांशचिन्हानंतरचा दुसरा आकडा एकाने चुकला, तर मनोरा किलोमीटरभर सरकून थेट सरोवरात जाऊ शकतो. पाचव्या स्थळापर्यंत अचूक गेलो, तर चूक सुमारे एका मीटरवर येते. रेखांशाचा अंश मात्र सर्वत्र सारखा नसतो. ध्रुवाकडे जावे तसा तो आक्रसतो. शिकागोच्या अक्षांशावर तो सुमारे ८३ किलोमीटरच भरतो. शाळेच्या भूगोलात ज्या रेषांचा आपण कंटाळा केला, त्या येथे अशा उपयोगी पडतात.

दिशेचेही तसेच. मेग्जच्या धावपट्टीच्या दोन टोकांवर १८ आणि ३६ हे आकडे होते. १८ म्हणजे १८० अंश, दक्षिण. ३६ म्हणजे ३६० अंश, उत्तर. परंतु हे अंश होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेले असतात, आणि वस्तूची दिशा वर्ल्डएडिटरमध्ये भौगोलिक उत्तरेपासून द्यावी लागते. या दोन उत्तरांत स्थळाप्रमाणे थोडाफार फरक असतोच. तो ध्यानात न घेता केवळ आकड्यावर विसंबलो, तर इमारतींची ओळ धावपट्टीशी किंचित तिरपी बसते आणि नेमके काय खटकते आहे, ते लवकर उमगत नाही.

पेट्या आणि त्यांवरील नावे

एक्स-प्लेनमध्ये ‘कस्टम सीनरी’ नावाचा एक फोल्डर असतो. आपण तयार केलेला प्रत्येक संच त्यात स्वतंत्र पेटीसारखा ठेवावयाचा. संचाच्या पोटात ‘अर्थ नॅव्ह डेटा’ नावाचा फोल्डर. त्याच्या पोटात दहा अंशांच्या चौकटीचा फोल्डर. आणि त्यात एका अंशाच्या चौकटीची फाइल. चौकटीला तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे नाव दिले जाते.

आपल्याकडचे उदाहरण सोपे आहे. मुंबईचे जुहू सुमारे १९.१० उत्तर आणि ७२.८३ पूर्व येथे आहे. म्हणून त्याची फाइल ‘+१९+०७२’ या नावाची आणि तिचा फोल्डर ‘+१०+०७०’. शिकागो पश्चिम गोलार्धात असल्याने तेथील रेखांश उणे होतो: उणे ८७.६१. नवखा माणूस नाव देतो उणे ८७. ते चूक. नैर्ऋत्य कोपरा आणखी पश्चिमेस, उणे ८८ वर आहे. म्हणून फाइल ‘+४१-०८८’ आणि फोल्डर ‘+४०-०९०’. वर्ल्डएडिटर ही नावे स्वतःच देतो. परंतु जो हे हिशेब समजून घेतो, त्यालाच पुढे बिघाड शोधता येतो.

आपण केलेल्या वस्तूंना जागा करून द्यावी लागते, हेही विसरू नये. सिम्युलेटरच्या मूळ भूदृश्यात त्या ठिकाणी झाडे किंवा इमारती असू शकतात. आज तेथे उद्यानच आहे. ती तशीच राहिली, तर धावपट्टीच्या मधोमध वृक्ष उभा दिसेल. यासाठी वर्ल्डएडिटरमध्ये एक आयत आखून, ‘या मर्यादेत खालच्या संचांतील झाडे वा इमारती दाखवू नयेत’ अशी सूचना देता येते. आयत फार मोठा आखला, तर शेजारची वस्तीही नाहीशी होते. जेवढी जागा हवी तेवढीच मोकळी करावी.

एका रात्रीत नाहीसा झालेला मनोरा

प्रस्तुत लेखकाने हौसेपोटी असाच एक मनोरा मांडला होता. चार सुट्ट्यांचे श्रम त्यात गेले होते. आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित दिसणारा तो मनोरा एके सकाळी दिसेना. फाइल जागेवर होती, पत्ता बरोबर होता, चित्रेही शाबूत होती. दोन तास शोधाशोध केल्यावर ध्यानात आले की, आदल्या रात्री त्याच चौकटीचा जमिनीचा नवा संच आपणच आणून बसविला होता.

येथे सगळी मेख क्रमाची आहे. ‘कस्टम सीनरी’मध्ये ‘सीनरी पॅक्स’ नावाची एक याद असते. साधी अक्षरांची फाइल. एका ओळीत एका संचाचे नाव. जो संच वर, त्याला मान अधिक. नव्याने आलेल्या संचाचे नाव सिम्युलेटर आपण होऊन सर्वांत वर लिहितो. आलेला संच विमानतळाचा असेल, तर यात काही बिघडत नाही. परंतु तो जमिनीचा असेल, तर घात होतो. जमिनीच्या खाली नावे असलेल्या संचांतील वस्तू त्या चौकटीत दाखविल्याच जात नाहीत. बैठकीत सतरंजी सर्वांत खाली, तिच्यावर गादी, गादीवर तक्क्या. सतरंजी वर टाकली, तर गादी आहे तेथेच असूनही कोणाला दिसणार?

म्हणून यादीचा क्रम असा ठेवावा: वर विमानतळ, त्याखाली वस्तुसंग्रह आणि इमारती-झाडांचे थर, आणि सर्वांत तळाशी जमीन. नवा संच आणला की सिम्युलेटर एकदा सुरू करून बंद करावा, यादी उघडून पाहावी, आणि हात लावण्यापूर्वी तिची एक नक्कल बाजूला ठेवावी. बिघाड झालाच, तर ‘लॉग’ नावाची दैनंदिनी वाचावी; कोणती वस्तू वा कोणते चित्र सापडले नाही, याचा उलगडा बहुधा तेथे होतो. पुष्कळदा दोष नावाच्या स्पेलिंगात निघतो. इंग्रजी मोठ्या आणि लहान लिपीचा फरक विंडोज मनावर घेत नाही, लिनक्स घेते. त्यामुळे एकाच्या घरी नीट दिसणारी इमारत दुसऱ्याच्या घरी गायब होते.

काटकसरीचेही दोन शब्द सांगावयास हवेत. दूरवरून ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या मनोऱ्याच्या कठड्याचा गज नि गज रेखाटण्यात संगणकाची शक्ती वाया जाते. म्हणून एकाच वस्तूची जवळून पाहावयाची तपशीलवार आणि दुरून पाहावयाची साधी अशी दोन रूपे करतात, व कोणते रूप किती अंतरापर्यंत दाखवावे, ते फाइलमध्ये लिहितात. वस्तूंचा भार फार झाला की चित्रे अडखळू लागतात. एक्स-प्लेन तर अशा वेळी उड्डाणाचे गणित बिघडू नये म्हणून घड्याळच संथ करतो. तेव्हा हौसेने घातलेला प्रत्येक दागिना विमानाला वाहावा लागतो, हे ध्यानी असावे.

खरेपणाची जबाबदारी

या साऱ्या खटाटोपाला छंदापलीकडे काही अर्थ आहे काय? एक उदाहरण पाहा. हाँगकाँगचा जुना काई ताक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला. तेथे १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना वैमानिक एका टेकडीच्या रोखाने येत. टेकडीवर लाल-पांढऱ्या चौकटींचा भला मोठा पट रंगविलेला होता. तो पट नीट दिसला की दाट वस्तीच्या छपरांवरून, अगदी कमी उंचीवर, उजवीकडे सुमारे ४७ अंशांचे वळण घ्यावयाचे, की समोर धावपट्टी. पट दिसला नाही, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून द्यावयाचा.

पडद्यावर काई ताक बांधणाऱ्याने धावपट्टी सुंदर केली, इमारतींना बारीक खिडक्या दिल्या, पण तो रंगीत पट शंभर मीटर चुकवला, तर त्या साऱ्या सौंदर्याचा उपयोग काय? वैमानिक ज्या खुणेवर विश्वासतो, ती खूण जागेवर असणे, हाच भूदृश्याचा धर्म आहे. जे मूल नकाशा, जुनी छायाचित्रे आणि आराखडे समोर ठेवून एका मनोऱ्याची जागा मीटरभर अचूकतेने ठरविते, ते नकळत सर्वेक्षकाचे, इतिहासकाराचे आणि स्थापत्यकाराचे शिक्षण घेत असते. पालकांनी या छंदाकडे केवळ ‘संगणकावरचा खेळ’ म्हणून पाहू नये. वेळेची मर्यादा अवश्य घालावी. पण ‘ही इमारत तू येथेच का ठेवलीस?’ असा एक प्रश्नही विचारावा. उत्तर ऐकण्यासारखे असते.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. दुसऱ्याने घडविलेली वस्तू त्याच्या परवानगीवाचून आपल्या संचात घालून वाटू नये. विनामूल्य मिळालेली वस्तू बिनधनी नसते. आणि आपल्या देशातील विमानतळांची छायाचित्रे घ्यावयाची असतील, तर नियम पाहून, संबंधितांस विचारूनच घ्यावीत.

आपल्याकडेही असे विषय थोडे नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ या छोट्या विमानाने निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. ती जागा आजही विमानतळच आहे, मुख्यतः हेलिकॉप्टरांसाठी. परंतु १९३२ सालचे जुहू कोठेच उरलेले नाही. जुने नकाशे आणि छायाचित्रे जमवून ते पुन्हा मांडणे, हे एखाद्या चिकाटीच्या मुलाचे वा मुलीचे सुट्टीतील काम होऊ शकेल.

आणि मेग्ज? तेथे आता गवत वाढते आहे, लोक फिरावयास येतात. ते उद्यान वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि पडद्यावर कोणी ‘+४१-०८८’ या चौकटीत आपला संच यादीच्या वरच्या ओळीत ठेवतो, सिम्युलेटर सुरू करतो, आणि क्षणभराने समोर सरोवर, डाव्या हातास शहर आणि मधोमध अखंड, एकही फुली नसलेली धावपट्टी उभी राहते. कोण्या एका रात्री जे पुसले गेले, ते कोठे, केवढे आणि कोणत्या दिशेने उभे होते, हे कोणीतरी मीटरमीटर मोजून लिहून ठेवले म्हणून हे शक्य झाले. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू आज उभी आहे, तोवर तिची मापे घेऊन ठेवण्यास आपणांस कोणी अडविलेले नाही.